ताप उतरत नाही, म्हणून तिसरं औषध?

पत्र:

डॉक्टर, माझा मुलगा चार वर्षांचा आहे, वजन १५ किलो. आज तापाचा नववा दिवस. पहिले दोन दिवस पॅरासिटॅमॉलवर काढले. तिसऱ्या दिवशी गावातल्या डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह दिलं, त्यानं काही फरक पडला नाही. पाचव्या दिवशी रक्त तपासलं, विडाल १:८० आली. टायफॉइड म्हणाले आणि सहाव्या दिवसापासून सेफिक्झिम सुरू केलं. त्यालाही तीन दिवस झाले, ताप अजून १०३ पर्यंत चढतोच. सासूबाई म्हणतात, मुदतीचा ताप आहे, मुदत भरल्याशिवाय जायचा नाही. त्यांनी पोळी-भात बंद करून फक्त मोसंबीचा रस आणि साबुदाण्याची पेज ठेवली आहे. औषधाच्या दुकानात म्हणाले, हे औषध कमी पडतंय, ॲझिथ्रोमायसिन घेऊन जा. नागपूरचे भाऊजी म्हणतात, ॲडमिट करून सलाईन लावा. दोन औषधं फेल गेली म्हणजे त्याला काही मोठं झालंय का? रात्र रात्र कपाळावर पट्ट्या ठेवत बसते. काय करू?
— एक आई, वर्धा जिल्हा

उत्तर:

ताई,

पत्र वाचलं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला, कारण नऊ दिवस तापलेल्या लेकराला सदर प्रसिद्ध होईपर्यंत थांबवता येत नाही. त्यानंतर तुम्ही रोज कळवत राहिलात. आपलं जे बोलणं झालं ते तुमच्या संमतीनं इथे मांडते आहे. पोळा झाला की दिवाळीपर्यंत अशी पत्रं मला दर वर्षी येतात, आणि त्यातल्या बहुतेकांमध्ये हेच वाक्य असतं: दोन औषधं फेल गेली.

फोनवर मी आधी तापाचं विचारलं नाही. तो पाणी पितो का, लघवी किती वेळा झाली, ताप उतरलेला असतो तेव्हा काय करतो, हे विचारलं. तुम्ही म्हणालात, ताप उतरला की मोबाइल मागतो, बहिणीशी भांडतो, दुपारपासून दोनदा लघवी झाली, पोट दाबलं तर गुदगुल्या होतात म्हणून हसतो. ते ऐकून मला धीर आला. याच्या उलट उत्तर आलं असतं, म्हणजे मूल गुंगीत पडून आहे, हाक मारली तर नीट बघत नाही, पोट टम्म फुगलंय, हात लावू देत नाही, शी डांबरासारखी काळी झाली, तोंडातून घातलेलं काहीच टिकत नाही, श्वासाची धाप लागली आहे, आठ तासांत लघवी नाही किंवा झटका आला, तर पुढचं काहीही न विचारता मी म्हटलं असतं की सेवाग्रामच्या रुग्णालयाकडे निघा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. यातलं एक जरी दिसलं तरी घरी थांबायचं नाही, मग औषधाचा कितवाही दिवस असो. आणि ज्यांच्या घरी तीन महिन्यांच्या आतलं बाळ आहे त्यांनी तर १००.४ ताप भरला की त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. त्या वयात वाट पाहायची नसते.

मग मी म्हटलं, सायरपची बाटली आणा आणि लेबलवरचं जसंच्या तसं वाचून दाखवा. तुम्ही वाचलंत: दर ५ एमएलमध्ये सेफिक्झिम ५० मिलिग्रॅम. डॉक्टरांची चिठ्ठी काढायला सांगितली. तिच्यावर लिहिलं होतं १००/५ (म्हणजे दर ५ एमएलमध्ये १०० मिलिग्रॅम), साडेसात एमएल, सकाळ-संध्याकाळ.

सगळा घोळ इथेच होता. टायफॉइडसाठी सेफिक्झिम दिवसाला किलोमागे १५ ते २० मिलिग्रॅम लागतं. तुमच्या मुलाचं वजन १५ किलो, म्हणजे दिवसाला ३०० मिलिग्रॅमपर्यंत. डॉक्टरांनी हिशोब अगदी बरोबर केला होता: १०० च्या सायरपचे साडेसात एमएल म्हणजे १५० मिलिग्रॅम, दोन वेळा मिळून ३००. दुकानात १०० चं नव्हतं, ‘तेच आहे, कंपनी वेगळी’ म्हणून ५० चं हातात दिलं गेलं. तुम्ही चिठ्ठीप्रमाणे साडेसात एमएलच पाजत राहिलात, आणि मुलाच्या पोटात दिवसाला १५० मिलिग्रॅम जात राहिलं. तीन दिवस निम्मं औषध. तुम्ही फोनवर रडायला लागलात, म्हणून इथेही पुन्हा लिहिते: यात तुमची चूक नाही. आईनं चिठ्ठी पाळली. लेबल आणि चिठ्ठी ताडून बघणं हे दुकानदाराचं काम, आणि बाटली आणून दाखवा असं सांगणं हे आम्हा डॉक्टरांचं.

हे मी इतकं लांबवून सांगते आहे, कारण औषध ‘लागू पडत नाही’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये हा प्रकार मी इतक्यांदा पाहिला आहे की आता नवीन मूल आलं तर फाईल बघण्याआधी मी पिशवीतली बाटली मागते. कधी ताकदीचा घोळ असतो. कधी असं होतं की सर्दी-घशासाठी सेफिक्झिम सुरू झालेलं असतं. त्याचा नेहमीचा डोस दिवसाला किलोमागे ८ मिलिग्रॅम. तीन दिवसांनी टायफॉइडचं निदान होतं, बाटली तीच म्हणून पाजायचं मापही तेच राहतं, आणि टायफॉइडला लागणाऱ्या डोसाच्या जेमतेम निम्मं औषध चालू राहतं. कधी कोरडी पावडर कालवण्यात चूक होते. पाणी खुणेपर्यंत ओततात, बाटली हलवतात, फेस बसला की पातळी खुणेच्या खाली जाते, ती तशीच राहते. उकळून गार केलेलं पाणी घालून पुन्हा खुणेपर्यंत आणायचं असतं. दर वेळी पाजण्याआधी बाटली हलवायची, नाहीतर वर पाणी आणि तळाला औषध. आणि चहाचा चमचा नको, बाटलीबरोबरचं माप किंवा सुई नसलेली सिरिंज.

पॅरासिटॅमॉलचीही तीच गत आहे: सायरप दर ५ एमएलमध्ये १२० मिलिग्रॅमचं, २५० चं, आणि थेंबांच्या बाटलीत तर एका एमएलमध्येच १०० मिलिग्रॅम. थेंबांच्या मापानं सायरप दिलं तर ताप हलत नाही, सायरपच्या मापानं थेंब दिले तर यकृताला धोका. एका वेळचा डोस किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांमध्ये किमान चार तास, दिवसाला चारपेक्षा जास्त नाही. आणि ‘पटकन उतरतो’ म्हणून कुणी निमेसुलाइड दिलं तर घेऊ नका. १२ वर्षांखालच्या मुलांसाठी आपल्याकडे २०११ पासून त्यावर बंदी आहे.

आता तुमच्या सासूबाईंचं. त्या अर्ध्या बरोबर आहेत, आणि तेवढ्यासाठी त्यांना मान दिला पाहिजे. मुदतीचा ताप हे नाव आपल्या आज्या-पणज्यांनी उगीच ठेवलेलं नाही. औषध नव्हतं तेव्हा हा ताप तीन-चार आठवडे चढत, टिकत आणि मग ओसरत जायचा, आणि वाचणारे त्या मुदतीनंतर उठून बसायचे. न वाचणारेही बरेच असायचे. १९४८ मध्ये मलायात क्लोरॅम्फेनिकॉल टायफॉइडवर पहिल्यांदा वापरलं गेलं आणि ती मुदत काही दिवसांवर आली. पण औषध मिळालं तरी काही दिवस लागतातच, हे आजही खरं आहे. टायफॉइडचा जंतू रक्तात मोकळा फिरत बसत नाही. तो आपल्याच पांढऱ्या पेशींच्या पोटात शिरतो आणि यकृत, प्लीहा, हाडांच्या मज्जेत दडून बसतो. पेशीच्या आत शिरून त्याला गाठायला सेफिक्झिम, सेफ्ट्रिॲक्सोन या घराण्याच्या औषधांना वेळ लागतो. म्हणून डोस बरोबर असतानाही ताप पूर्ण जायला चार ते सहा दिवस, कधी सातवाही लागतो. मूल झोपत नसतं, घरात चौघं चार सल्ले देत असतात, तेव्हा हे दिवस युगासारखे वाटतात, मला ठाऊक आहे. पण तिसऱ्या दिवशी ‘फेल’ म्हणण्याइतकी घाई करून आपण चांगलं चाललेलं औषध मोडतो.

मधल्या दिवसांत औषध काम करतंय की नाही हे ओळखायचं कसं? तुम्हाला वहीत तक्ता करायला सांगितला तो याचसाठी. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि रात्री झोपताना, असे चार आकडे. शेजारी पॅरासिटॅमॉल कधी दिलं ती वेळ, आणि एक शब्द: खेळला, जेवला, मलूल. एखाद्या मुलाचे दिवसातले सर्वांत मोठे आकडे १०३.६, १०३.२, १०२.४, १०१.८ असे असतील, तर आई डॉक्टरांना सांगते, ‘ताप आहेच’. मी तो कागद बघते आणि म्हणते, ताप चालला आहे. शिखर खाली येतंय, दोन चढांमधलं अंतर वाढतंय, मूल मधल्या वेळात जेवण मागतंय, तर त्याच औषधावर ठाम राहायचं. आणि बरोबर डोस पाच दिवस देऊनही शिखर तिथेच, मूल दिवसेंदिवस मलूल, तर मात्र सगळ्याचा पुन्हा विचार करायचा. सात दिवस होईपर्यंत डोळे मिटून बसू नये.

विचार पुन्हा करायचा म्हणजे काय? माझं म्हणणं सगळ्यात आग्रहानं इथेच आहे. तिसरं औषध निवडण्याआधी ब्लड कल्चर करा. विडालवर सगळी इमारत उभारू नका.

विडाल ही १८९६ सालची चाचणी. ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीरानं केलेली प्रतिपिंडं मोजते. ती पहिल्या आठवड्याच्या अखेरीला वर येऊ लागतात, म्हणून पाचव्या दिवशीची विडाल खऱ्या टायफॉइडमध्येही निगेटिव्ह येऊ शकते. आणि आपल्याकडे पाण्यातून हा जंतू थोडाफार पोटात जातच असतो, त्यामुळे धडधाकट मुलाचीही १:८० येऊ शकते. तुमच्या मुलाला टायफॉइड नाही असं मी म्हणत नाही. त्या १:८० वरून ‘आहे’ म्हणता येत नाही, एवढंच. साध्या सीबीसीनं, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीनं, उलट मला जास्त सांगितलं: पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत आणि त्यातल्या इओसिनोफिल या प्रकारच्या पेशी शून्य. टायफॉइडमध्ये असं बऱ्याचदा दिसतं. तुम्ही फोटो पाठवलेल्या रिपोर्टमध्ये ती ओळ होती, कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

कल्चरमध्ये रक्त पोषक द्रव्याच्या बाटलीत घालून उबवतात. जंतू असेल तर तो वाढतो, दिसतो, त्याचं नाव कळतं, आणि कोणत्या औषधानं तो मरतो हेही कळतं. दोन-तीन दिवस लागतात, ‘काही वाढलं नाही’ हे नक्की सांगायला पाच. रक्त जरा जास्त घ्यावं लागतं. एवढ्याशा पोराचं एवढं रक्त, म्हणून आया कळवळतात, पण थेंबभर रक्तात जंतू सापडत नाही. अँटिबायोटिक सुरू होण्याआधी केलं तर सर्वांत उत्तम. तिसऱ्या दिवशी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह सुरू करण्याऐवजी त्याच दिवशी हे रक्त घेतलं असतं तर पुढची अर्धी धावपळ वाचली असती. पण औषध चालू असतानाही कल्चर करण्यात अर्थ आहे, विशेषतः औषध निम्मं जात असेल तर. न वाढलेलं कल्चर टायफॉइड नाकारत नाही, वाढलेलं मात्र वाद संपवतं. तालुक्याला सोय नसते हे मान्य. वर्ध्याला, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात, नागपूरला मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत ती आहे. खासगी लॅबही बाटली पाठवून देतात, फक्त बाटली आधी मागवून ठेवावी लागते.

दुसरं म्हणजे, ज्याला आपण टायफॉइड म्हणतोय तो टायफॉइडच आहे का? विदर्भात हा प्रश्न विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही. २०१८ च्या पावसाळ्यात आपल्याकडे स्क्रब टायफसची साथ आली होती, नागपूरच्या वॉर्डांतले ते ऑगस्ट-सप्टेंबर मी विसरलेले नाही. गवतात, झुडपांत राहणाऱ्या चिगर माइट नावाच्या किड्याच्या बारीकशा अळीच्या चाव्यातून तो जंतू अंगात जातो. सेफिक्झिम असो की सेफ्ट्रिॲक्सोनचं इंजेक्शन, त्या जंतूला काहीही होत नाही. डॉक्सिसायक्लिननं मात्र बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो, आणि थोड्या दिवसांसाठी ते लहान मुलांनाही देतात. तुमचं घर शेताला लागून आहे, म्हणून मी तुम्हाला सांगितलं की सकाळी उजेडात मुलाचे सगळे कपडे काढा आणि बघा: काखेत, जांघेत, कानामागे, बेंबीत, चड्डीच्या इलॅस्टिकखाली. सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली, भोवती लाल कडा, आणि ती दुखत नाही. तुम्ही बघितलंत, नव्हती. खपली नसली म्हणजे स्क्रब टायफस नाहीच असं नसतं, म्हणून रक्ताची चाचणीही लावायला सांगितली. ती निगेटिव्ह आली.

डेंग्यू आणि मलेरिया तुमच्या डॉक्टरांनी आधीच बघितले होते. लघवीचं कल्चर राहिलं होतं, ते करून घेतलं. मुलींमध्ये तर ते हमखास करावं. लघवीतला जंतुसंसर्ग नुसत्या तापाच्या रूपानं दिवसेंदिवस राहू शकतो.

एक आजार मात्र सगळ्या आईबापांना माहीत असावा: रक्तवाहिन्यांना सूज आणणारा कावासाकी. पाच दिवसांवर ताप, दोन्ही डोळे लाल पण चिपडं नाहीत, ओठ फुटलेले आणि लालभडक, जीभ स्ट्रॉबेरीसारखी खरखरीत लाल, अंगावर पुरळ, हातापायांना सूज, मानेत गाठ. ही सगळी लक्षणं एकदम दिसतील असं नाही, आणि मूल अतोनात चिडचिडं असतं. हा जंतूंचा ताप म्हणून एकामागून एक अँटिबायोटिक बदललं जातं आणि कुठलंच लागू पडत नाही. दहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून द्यायची तयार प्रतिपिंडं) दिलं तर हृदयाच्या रक्तवाहिन्या बऱ्याच अंशी वाचवता येतात. तुमच्या मुलाचे डोळे-ओठ तुम्ही व्हिडिओवर दाखवलेत, ते तसे नव्हते.

आता दुकानातल्या ॲझिथ्रोमायसिनबद्दल. ते औषध टायफॉइडवर चालतं, पेशींच्या आत चांगलं शिरतं, आणि तुमच्या डॉक्टरांनी ठरवून दिलं असतं तर मी काही म्हटलं नसतं. माझा राग ते काउंटरवरून सुचवलं जाण्यावर आहे. मी निवासी डॉक्टर होते १९९० च्या सुमारास. क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन, को-ट्रायमोक्साझोल ही तिन्ही औषधं टायफॉइडवर एकदमच निकामी झालेली आम्ही पाहिली. वॉर्डात एका खाटेवर दोन-दोन मुलं, पंधरा-पंधरा दिवसांचा ताप. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आलं, ताप झपाट्यानं उतरू लागले, आम्ही निर्धास्त झालो. ते इतकं वापरलं गेलं की काही वर्षांत तेही गेलं. पाकिस्तानात सिंधमधल्या हैदराबादेत २०१६ पासून असा टायफॉइड पसरला की सेफ्ट्रिॲक्सोनही चालेना. हाती उरली ती ॲझिथ्रोमायसिन आणि मेरोपेनेमसारखी शिरेतून द्यायची महागडी औषधं. सेफ्ट्रिॲक्सोनला न जुमानणारे थोडे जंतू आपल्या मुंबईतही सापडले आहेत. वर्ध्याच्या मुलाला सेफिक्झिम चालणार नाही असं यावरून म्हणता येत नाही, आपल्याकडे बहुतेक टायफॉइडवर हे घराणं अजून चालतं. पण ॲझिथ्रोमायसिन हे आपल्या हातातलं तोंडावाटे द्यायचं जवळजवळ शेवटचं औषध आहे, आणि आपण ते खोकल्यासाठी तीन-तीन गोळ्या करून वाटतोय. सेफिक्झिम, सेफ्ट्रिॲक्सोनसारखी औषधं २०१४ पासून औषध नियमांच्या एच-१ सूचीत आहेत. ती चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, आणि दिली की रजिस्टरमध्ये नोंद करायची. हा नियम मुलांच्या जिवासाठी आहे. तुमच्या मनात दुकानात जाऊन भांडायचं आहे असं तुम्ही म्हणालात. भांडू नका, पण पुढच्या वेळी बाटली बदलून दिली तर ‘ताकद तीच आहे का’ एवढं नक्की विचारा.

भाऊजींचं सलाईन. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. जे मूल तोंडानं पितंय त्याला यातून ताकद मिळत नाही, मिळतं ते एका हाताला बांधलेलं फळकूट. तो उलट्या करत असता, औषध टिकत नसतं, पोट फुगलं असतं, तर मीच ॲडमिट करा म्हटलं असतं, आणि तेव्हा सेफ्ट्रिॲक्सोन शिरेतून द्यायचं असतं. सेफिक्झिम त्याचंच भावंड आहे. पोटात नीट जात असेल तर सुई टोचण्यानं जास्त काही साधत नाही.

आणि सासूबाईंचं राहिलेलं अर्धं. पोळी-भात बंद करू नका. पूर्वी आतड्याला इजा होईल या भीतीनं महिना-महिना पातळ पदार्थांवर ठेवायचे, आणि मुलं तापापेक्षा उपासमारीनं खंगायची. मऊ वरण-भात तूप घालून, मुगाची खिचडी, दही, केळं, उकडलेलं अंडं, दुधात कुस्करलेली पोळी, जे मागेल ते थोडं थोडं द्या. मोसंबीही चालू द्या, ती त्यांनी मायेनं आणलेली आहे. बाहेरचं आणि कच्चं तेवढं टाळा. तुम्ही हे त्यांना माझ्या नावानं सांगितलंत आणि त्यांनी त्या रात्री स्वतः खिचडी केली, हे वाचून मला फार बरं वाटलं.

आपल्या फोनच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या डॉक्टरांनी बाटली बघितली, कपाळाला हात लावला, कल्चर घेतलं, १०० चं सायरप स्वतः मागवून दिलं आणि औषध तेच ठेवलं. त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं. डॉक्टर बदलू नका, त्यांना तुमच्या मुलाचे पहिल्यापासूनचे दिवस ठाऊक आहेत. तिसऱ्या दिवशी कल्चरचा निरोप आला: साल्मोनेला टायफी. त्या रिपोर्टवरची अक्षरं तुम्ही विचारली होती. औषधापुढे एस म्हणजे जंतू त्याला दबतो, आर म्हणजे दाद देत नाही. तुमच्या कागदावर सेफ्ट्रिॲक्सोनला एस, ॲझिथ्रोमायसिनला एस, सिप्रोफ्लॉक्सासिनला आर. आणि क्लोरॅम्फेनिकॉलला एस! १९९० साली आम्ही हताश होऊन सोडून दिलेलं औषध. वापर थांबला तशी जंतूंची त्यावरची पकड सुटत गेली, आणि आता देशभर असे रिपोर्ट येतात. तुमच्या मुलाला त्याची गरज नाही, पण तो एस बघून मी क्षणभर थांबले.

बरोबर डोस सुरू झाल्यापासूनचे तुमच्या वहीतले आकडे माझ्यासमोर आहेत: १०३, १०३.२, १०२, १००.८, आणि काल पाचव्या दिवशी ९९.४. दुसऱ्या दिवशीचा तो १०३.२ बघून तुम्ही रात्री साडेअकराला मेसेज केला होता, ‘बदलायचं का?’ बदललं नाहीत, बरं झालं.

आता पुढचं. ताप गेला म्हणून सायरप सोडू नका. बरोबर डोसाच्या पहिल्या दिवसापासून मोजून साधारण १४ दिवस, नेमका आकडा तुमचे डॉक्टर सांगतील. दुसरी बाटली लागेल, तिचीही ताकद बघून घ्या. औषध संपल्यावर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना हा ताप उलटतो. तसं झालं तर घरात उरलेलं काही पाजू नका, पुन्हा कल्चर करूनच औषध ठरवायचं. शी धुतल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणानं हात, सगळ्यांचे, सासूबाईंचेही. विहिरीचं पाणी गाळून खळखळ उकळा.

लसीचं तुम्ही विचारलंत. सरकारी दवाखान्यातल्या डोसांमध्ये ती तुमच्या मुलाला मिळालेली नाही, कार्डावर नोंद नाही. टायफॉइड कॉन्जुगेट लस सहा महिन्यांच्या पुढच्या बाळांना देता येते, एकच टोचा. नवी मुंबई महापालिकेनं २०१८ मध्ये ती मोहीम काढून मुलांना मोफत दिली होती, तसं आपल्या जिल्ह्यातही व्हावं असं मी गेली काही वर्षं भेटेल त्या अधिकाऱ्याला सांगते आहे. एकदा टायफॉइड झाला म्हणजे पुन्हा होत नाही असं नाही. म्हणून त्याला बरा झाल्यावर महिनाभरानं द्या, आणि त्याच्या बहिणीला या आठवड्यातच.

कल्चरचा तो कागद जपा. फोटो काढून ठेवा आणि कागद लसीच्या कार्डाबरोबर ठेवा. शाळेत त्याला ताप जाऊन तीन-चार दिवस झाल्यावर, जेवण पूर्ववत झालं की पाठवा. आणि आज रात्री तुम्ही झोपा. पट्ट्यांची गरज नाही, रात्रीचा आकडा त्याच्या बाबांना घेऊ द्या.